पाहुण्याचे पाणी

“सूर्य मावळायच्या आत या गढीचा दगडावर दगड ठेवणार नाही!”

मेलिरने तलवार उपसून अशी आरोळी ठोकली की दरीतल्या मेंढ्यासुद्धा चरायच्या थांबल्या. मागे दलदलीत उभ्या असलेल्या त्याच्या माणसांनी ढाली बडवल्या. आवाज विरला, तसे शेजारी मशाल घेऊन उभे असलेले गुर्गानकाका हळूच म्हणाले,

“गढी लाकडाची आहे रे.”

मेलिरने वर पाहिले. मातीचे टेकाड, त्यावर ओंडक्यांचा कोट, कोटात लाकडी बुरूज. साऱ्या गढीत दगड म्हणावा असा एकच होता, आणि तो त्याच्याच बापाच्या चुलीचा. पूर्वी याच टेकाडावर बापाचे घर होते. वॉरिन नावाचा नॉर्मन सरदार आला, त्याने घर पाडले, टेकाडावर आणखी माती चढवली, बुरूज ठोकला आणि मग, जणू काही झालेच नाही अशा थाटात, घरची मुलगी मागितली. बाप तेव्हा मरायला टेकला होता. नाही म्हणायलाही श्वास लागतो.

“मग जाळू,” मेलिर म्हणाला.

“सकाळपासून दुसरं काय सांगतोय मी? नुसतं हो म्हण.”

एवढ्यात फाटक करकरले आणि मेलिरची थोरली बहीण मॉर्विद बाहेर आली. वॉरिनची बायको ती हीच. तिने आधी भावाच्या तलवारीकडे पाहिले, मग त्याच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे, आणि पायांकडेच जास्त वेळ.

“ओरडून झालं असेल तर आत ये. हत्यार फाटकात ठेव. बोलायचं ते घरात बसून बोलू.”

“घर कुणाचं?”

“तेच बोलू.”

मेलिरने तलवार फाटकात टेकवली. गुर्गानकाकांनी भाला ठेवला, मशाल मात्र ठेवली नाही. मशाल काही हत्यार नव्हे, असे ते पहारेकऱ्याला म्हणाले आणि दाराच्या चौकटीत जाऊन उभे राहिले. मागे फाटकापर्यंत त्यांची माणसे माना उंचावून पाहत होती.

आत चुलीपाशी वॉरिन बसला होता. पावसात कोटावर पहारा करून त्याच्या पायांचे भोपळे झाले होते. त्याने एकही बूट घातला नव्हता, पण चेहरा घोड्यावर बसल्यासारखा ठेवला होता. इथली भाषा तो बायकोकडून शिकला होता. त्यामुळे त्याला आज्ञा फर्मास येत, विनंत्या जेमतेम.

“या मेहुणे. तुमची माणसं दलदलीतून हलवा. बेडकं तक्रार करतायत.”

“बेडकं आमचीच आहेत, दाजी. तक्रार तुमच्याबद्दल आहे.”

मॉर्विदने वाफाळत्या पाण्याची लाकडी परात आणून मेलिरच्या पुढ्यात ठेवली. वर पुदिन्याची पाने तरंगत होती.

मेलिरने पाय बाकाखाली ओढले. त्याच्या मुलखात दारी आलेल्याला कुणी राहणार का म्हणून विचारत नाही. पाणी पुढे ठेवतात. पाय धुतले की तो रात्रीचा पाहुणा. मग त्याने घरावर हात उगारायचा नाही आणि घराने त्याच्यावर. नको म्हटले, तर घोटभर काही पिऊन तो वाटेला लागणार. वॉरिनला यातले काही ठाऊक नव्हते. त्याच्याकडे पाहुणा म्हणून कुणी येतच नसे. येत ते जाळायला.

“नको,” मेलिर म्हणाला. त्याचे पाय मात्र बाकाखाली एकमेकांना खाजवत होते.

“नको तर नको.” मॉर्विदने येण्याजाण्याच्या वाटेत नको म्हणून परात पायाने बाजूला सारली. परात नवऱ्याच्या बाकापाशी जाऊन थांबली.

“ताई, तुझं गाठोडं बांध आणि चल. मागे मी हे सगळं पेटवणार आहे.”

“ही जमीन मी तलवारीनं घेतली,” वॉरिन म्हणाला. “राजानं शिक्का दिलाय.”

“राजानं कधी पाहिली आहे का ही जमीन?”

“पाहिली असती, तर दिली असती का?”

“मी कुठंही येणार नाही,” मॉर्विद भावाला म्हणाली. “बाबांची चूल इथं आहे. ती कोण राखणार, तू? तू तर दगडावर दगड ठेवणार नाहीस.”

चौकटीत काका खोकले. मेलिरचे कान लाल झाले.

“बाबांच्या चुलीवर हा चोर शेकतोय, आणि तू त्याला लाकडं पुरवतेस!”

“चोर?” वॉरिन बसल्या बसल्या गुरकावला. “मुलगी पळवली नाही मी, मागितली. तुझ्या बापाला विचार.”

मेलिर ताडकन उठला. आता बहीण आत असो की बाहेर. तो दाराकडे वळला आणि हात वर केला.

“काका, लावा—”

मागे डुबुक असा आवाज झाला, आणि त्यापाठोपाठ एक लांबलचक, तृप्त सुस्कारा.

मेलिर वळला. वॉरिनने पाय परातीत सोडले होते.

फाटकापर्यंत सगळे गप्प झाले.

“धुतले?” काकांनी विचारले.

“धुतले.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

वॉरिनने एकेकाकडे पाहिले. “काय झालं? कुणी मेलं का?”

“पाहुणा झाला हा,” काका म्हणाले. मग त्यांचा चेहरा उजळला. “अरे, पण स्वतःच्या घरात कुणी पाहुणा होतो का? कबूल केलं यानं, सगळ्यांदेखत! घर आपलं!” बाहेर ढाली पुन्हा वाजू लागल्या. काकांनी मशाल उंचावली, आणि ती तशीच वर राहिली. “आणि आपल्या घरात पाहुणा,” ते हळू आवाजात म्हणाले. त्यांनी एक शिवी हासडली, कुणाला ते कळले नाही, आणि मशाल दाराबाहेरच्या डबक्यात खुपसली.

“काय म्हणतोय म्हातारा?” वॉरिनने बायकोला विचारले.

“काही नाही. तुम्ही पाय भिजू द्या.”

मेलिरने बहिणीकडे पाहिले. ती बोटाला चिकटलेले पुदिन्याचे पान काढत होती. ते निघायला फारच वेळ लागत होता.

तो बाकावर टेकायला गेला आणि अर्ध्यातच थांबला. पाहुणा तृप्त होईपर्यंत यजमानाने बसायचे नसते. बापही कधी बसला नव्हता. मेलिर चुलीपाशी उभा राहिला, दात आवळून, चिखलाच्या पायांनी.

वॉरिनने परातीत बोटे हलवून पाहिली. मग बराच वेळ मनात शब्द जुळवून, त्याला येत असलेल्या जेमतेम विनंत्यांपैकी एक त्याने बाहेर काढली.

“मेहुणे, रागावू नका. उभेच आहात, तर थोडं गरम पाणी घालता का?”