बर्चच्या झाडापासून चर्चच्या दारापर्यंत

सुज्ञ वाचकहो आणि बालमित्रांनो, आज मी आपणांसमोर माझे जीवनवृत्त सादर करीत आहे. माझे घडणे, माझे वाजणे, माझे लपणे आणि एका मंगल दिवशी माझे वाटेतच थांबणे, एवढे सर्व यात येईल. ते शांत चित्ताने ऐकावे, ही विनंती.

मी एक जुनी फिडल आहे. आपण ज्यास व्हायोलिन म्हणता, त्याची मी नॉर्वेतील टेलेमार्कच्या डोंगरांत वाढलेली बहीण. माझी छाती स्प्रूस झाडाच्या लाकडाची, पाठ बर्चची, आणि अंगभर काळ्या शाईने काढलेली वेलबुट्टी आहे. ज्या कारागिराने मला घडविले, त्याने माझ्या शिरोभागी सिंहीण कोरली. परंतु त्याने सिंह कधी पाहिलाच नसल्यामुळे ती जीभ बाहेर काढलेल्या मांजरीसारखी झाली. तथापि सर्व जण मला सिंहीणच म्हणत, आणि मीही ते मानून घेतले.

मित्रांनो, माझ्या अंगी एक विशेष आहे. माझ्या वरच्या तारांवर गज फिरतो. त्यांच्या खाली आणखी काही तारा ताणलेल्या आहेत, त्यांना ना गज लागतो ना बोट. जवळपास कोणी सुरात गायले की त्या आपण होऊन थरथरतात. मला गुनलेकच्या हाती देताना कारागिराने बजाविले होते, "खालच्यांना हात लावायचा नाही हं. त्यांचं त्यांना कळतं."

गुनलेक हा उतारावरची शेती करणारा माणूस. पण खोऱ्यात कोणाचेही लग्न निघाले की वधूच्या पुढे तोच चाले, मला छातीशी धरून. त्याच्या घराण्यात एक वरातीची धून होती. तिचे तीन भाग. पहिले दोन कोठेही वाजवावेत. तिसरा मात्र वाटेवरच्या मोठ्या बर्चपासून चर्चच्या दारापर्यंतच. घरात तो वाजविला तर वधूस अशुभ, असा समज होता. ही धून कोणी लिहून ठेवलेली नव्हती. मुलाने बापाच्या मागून वरातीत चालावे आणि चालता चालता ती उचलावी, अशी रीत. गुनलेक तसाच शिकला होता, आणि त्याच्या मुलाने, स्वेनुंगनेही तसेच शिकावयाचे होते.

हा स्वेनुंग लहानपणी मोठा गोड होता. संध्याकाळचे जेवण आटोपले की गुनलेक बाकावर बसून वाजवीत असे आणि हा त्याच्या पाठीला कान लावून झोपी जाई. "बाबा, तुमच्या हाडांत सिंहीण गुरगुरते," असे तो म्हणे. माझी याहून मोठी स्तुती कोणी केल्याचे मला स्मरत नाही.

पुढे तो तरुण झाला. एका लग्नात बिअरच्या धुंदीत अंगणात सुऱ्या निघाल्या, आणि त्याचा जिवलग मित्र तेथेच गतप्राण झाला. आत मी वाजत होते. मला काही कळले नाही, परंतु स्वेनुंगच्या मनात ती किंकाळी आणि माझा सूर एकत्र शिवले गेले. तो हेरिंग मासळीच्या हंगामासाठी समुद्रकाठी निघून गेला. तेथे जाळी ठेवण्याच्या माडीवर एक उपदेशक बोलत असे. त्याच्या शब्दांनी स्वेनुंगला शांती लाभली, हे मी अमान्य करणार नाही. ती शांती घेऊन तो घरी परतला. दुःख एवढेच, की ती त्याला सर्वांच्या ताटांत वाढावयाची होती.

"बाबा, फिडल हे सैतानाचं वाद्य आहे. पलीकडच्यांनी त्यांची जाळली."

"पलीकडच्यांची तशीही बेसूर होती," गुनलेक म्हणाला.

"थट्टा नको. तुम्ही नरकात जाल आणि मी वर बसून नुसता बघत राहू?"

"तू हो पुढे. मी येतो मागून, वाजवत वाजवत."

गुनलेक हसला, पण स्वेनुंगच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. त्याने आपली लापशीची वाटी उचलली आणि तो गोठ्यात जाऊन जेवला. पापाच्या पंगतीत बसणार नाही, असा त्याचा निश्चय होता. सारा हिवाळा तो गाईंच्या शेजारी जेवला. तो कोणावर ओरडला नाही, उलट जाताना बापाच्या खांद्यावर हळूच हात ठेवून जाई. त्या हाताचे ओझे गुनलेकला पेलवेना.

अखेरीस त्याने मला भिंतीवरून काढले आणि पत्नीच्या हाती दिले. "ग्रो, पोरगं गोठ्यात जेवतंय. माझ्या घशाखाली घास उतरत नाही. संपव हे."

"मी जाळतो," स्वेनुंग पुढे झाला.

"चूल माझी आहे," ग्रो म्हणाली. "त्यात काय जाळायचं ते मी बघीन. तू लाकडं आण जा."

त्या दिवशी भाकऱ्या भाजण्याच्या खोपटात मला ठेवण्याची रिकामी पेटी जळली. रोगणाचा वास अंगणभर पसरला. स्वेनुंगने गुडघे टेकून प्रार्थना केली, बापाला मिठी मारली आणि तो पुन्हा पंगतीत येऊन बसला. घरात आनंद झाला. गुनलेकनेही हसून दाखविले.

मला ग्रोने गजासकट झोपण्याच्या पलंगामागे, भिंतीच्या दोन फळ्यांमधील पोकळीत खुंटीस टांगले होते. झाडलोटीच्या निमित्ताने ती येई, धूळ पुसे आणि माझ्या तारांच्या खुंट्या पिळी. "अगं बाई, उतरलीस की पुन्हा," असे पुटपुटे. इतकी वर्षे ऐकून तिचा कान तयार झाला होता. नवऱ्याला मात्र तिने काही सांगितले नाही. त्याला खोटे बोलता येत नसे.

फळीच्या फटीतून मला गुनलेक दिसे. आरंभी मेजाखाली त्याचा पाय ठेका धरी. स्वेनुंग त्या पायाकडे बघे, अगदी मायेने बघे, आणि पाय थांबे. काही हिवाळ्यांनंतर पाय आपण होऊनच थांबला. लाकडे फोडून बोटे जाड झाली. खोऱ्यातील वधू भजने ऐकत चर्चला जाऊ लागल्या. मित्रांनो, कोणी त्याला मारले नव्हते. सर्व जण त्याच्या कल्याणाचेच बोलत होते.

मग स्वेनुंगच्या धाकट्या बहिणीचे, टोनेचे लग्न ठरले.

"दादा, माझ्यापुढं कोण चालणार?" तिने विचारले.

"आपण सगळे भजन म्हणत चालू."

"बाबा वाजवायचे तेव्हा तू माझ्याहून जास्त नाचायचास. विसरलास?"

"नाही विसरलो. त्याचंच तर वाईट वाटतं."

"मला नाही वाटत," टोने म्हणाली. "मला आजोबांची धून हवी होती. दुसरं काही मागितलं नव्हतं."

लग्नाआधीच्या रविवारी प्रथमच आमच्या घरी प्रार्थनासभा भरली. स्वेनुंगने भजन उचलले. त्याचा गळा बापाच्या गजासारखाच भरदार होता. खोली भरून गेली, आणि त्या क्षणी माझ्या खालच्या तारा थरथरू लागल्या. मी काही ठरविले नव्हते. सूर आला, त्यांनी साथ दिली.

"ऐका!" म्हातारी इंगेब्योर उठून उभी राहिली. "देवदूत गातायत!"

"अगं, तुझे कान वाजतायत, बस खाली," तिचा नवरा म्हणाला. पण त्यालाही ऐकू आले आणि त्याने टोपी काढली.

एकट्या स्वेनुंगचा आवाज मध्येच बंद पडला. ती गुरगुर त्याच्या ओळखीची होती.

मंडळी देवाचे आभार मानीत गेली. तो तेथेच उभा होता. "आई, कुठं आहे ती?"

"देवदूतांपाशी म्हणतायत सगळे," ग्रो म्हणाली, आणि तिने फळी सरकविली.

स्वेनुंगने मला हाती घेतले. माझ्या त्या मांजरीच्या तोंडावरून त्याने अंगठा फिरविला. "ही माझ्या भजनात गात होती," तो हळूच म्हणाला. मग गुनलेककडे वळला. "बाबा, टोनेपुढं तुम्हीच चाला."

गुनलेकने गज धरला. पहिला भाग अडखळत आला. दुसऱ्यात चुका झाल्या, तेव्हा स्वेनुंगनेच गुणगुणून वाट दाखविली. तो भाग त्याने बापाच्या पाठीतून ऐकला होता. तिसरा घरात वाजवावयाचा नव्हता.

"तो येईल," गुनलेक म्हणाला. "तो पायांत आहे. चालताना येईल."

लग्नाच्या सकाळी ऊन पडले होते. टोनेच्या डोक्यावर चांदीचा मुकुट, पुढे आम्ही दोघे. गुनलेक ताठ चालत होता. दोन्ही भाग इतके सुरेख झाले की माणसे कुंपणापाशी येऊन उभी राहिली. मग मोठे बर्च आले. गुनलेकने गज उचलला.

गज तसाच राहिला.

तो एक पाऊल पुढे गेला, पुन्हा मागे आला, पुन्हा पुढे गेला. पाय शोधत होते, बोटे शोधत होती. मीही आतून धावा करीत होते, परंतु धून माझ्यात नसते, मित्रांनो. ती वाजविणाऱ्यात असते.

"गेलं," तो म्हणाला. "गेलं गं टोने. सापडत नाही."

स्वेनुंगने बापाचा कोपर धरला. पण तिसरा भाग बापामागून चालून उचलण्याआधीच त्याने वराती सोडल्या होत्या. "बाबा, मी—" एवढेच तो बोलला.

टोने पुढे आली. तिने बापाचा गजाचा हात हलकेच खाली केला. "चला बाबा. असेच जाऊ. मला ठाऊक आहे, ते इथंच होतं."

आणि ते चालू लागले. कोणी भजन म्हटले नाही. टोनेच्या मुकुटाची चांदीची पाने पावलागणिक किणकिणत होती, आणि माझ्या खालच्या तारा त्यांना अगदी बारीक उत्तर देत होत्या. चर्चच्या दारापर्यंत तेवढाच आवाज होता.

आज ती माणसे नाहीत. टोनेच्या पणतवंडांच्या घरी मी भिंतीवर आहे, उघड्यावर. स्वेनुंग अखेरपर्यंत भजने गात राहिला. मात्र गाण्यापूर्वी तो मला खुंटीवरून काढून जवळच्या बाकावर ठेवीत असे. आमच्या खोऱ्यातील वराती आजही त्या बर्चपाशी वाजविणे थांबवितात आणि पुढील वाट मुक्याने चालतात. पाहुण्यांना ती जुनी रीत वाटते.

मित्रांनो, आपली श्रद्धा आपण खुशाल मोठ्याने गावी. ज्याच्या आत तशी तार असेल, तो आपण होऊन साथ देईल. फक्त खालच्या तारांना हात लावू नये. त्यांचे त्यांना कळते.

येथवर आपण शांतपणे ऐकलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपली नम्र,
गुनलेकच्या घरची सिंहीण