अंड्यांचा राखणदार

हरितगृहाचं दार उघडताच सूनबाईच्या नाकात औषधाचा वास शिरला आणि ती धावतच आत गेली.

ढोबळी मिरचीच्या आठ ओळी. मोठ्या मिनतवारीने तिने सासऱ्यांकडून एवढा एक हंगाम मागून घेतला होता. औषध मारायचं नाही, पानांचा रस शोषणारी मावा कीड खायला ठिपक्यांचे लाल भुंगेरे सोडायचे. सासऱ्यांची अट एकच: रविवारपर्यंत मावा हटला नाही तर फवारणी, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. विकत आणलेल्या भुंगेऱ्यांनी तिसऱ्याच दिवशी झरोक्यातून पोबारा केला. घरभर तिचं हसं झालं. पण जाण्याआधी त्यांनी पानांच्या पाठीवर पिवळ्या अंड्यांचे पुंजके घातले होते, ते पाहून तिच्या जिवात जीव आला.

"मामंजी, आता सगळी मदार या अंड्यांवर," ती म्हणाली होती. त्यावर नुसतं "हूं" मिळालं होतं.

आणि आता पाठीवर पंप अडकवून मामंजी तिसरी ओळ संपवत होते.

"मामंजी, थांबा! रविवार कुठे उजाडलाय अजून?"

"अगं, माव्यासाठी नाही, तुझ्यासाठीच मारतोय." म्हातारा घामाघूम झाला होता, पण खुशीत होता. "काळी काटेरी कीड आलीय. तुझी अंडी कुरतडताना रंगेहाथ पकडली. रोज सकाळी पहारा देतोय मी, तुला काय वाटलं?"

अंड्यांना जपा म्हणून तिने चारदा बजावलं होतं. पण त्यातून लाल भुंगेरा नाही, काळी काटेरी अळी निघते, ती आधी स्वतःचं टरफल खाते आणि मग मोठी होईपर्यंत शेकड्यांनी मावा फस्त करते, एवढंच सांगायचं राहून गेलं होतं. तिला स्वतःचाच संताप आला.

"मामंजी, ती त्यांचीच पिल्लं आहेत."

पंपाचा दांडा हलायचा थांबला. "असल्या रूपाची?"

"कोषातून बाहेर आली की होतील लाल."

मामंजींनी वळून त्या तीन ओळींकडे पाहिलं. मग पंप खाली ठेवून ते चौथ्या ओळीतल्या पहिल्या झाडाशी वाकले. पानावर एक अळी माव्याचा फडशा पाडत होती.

"खातेय की गं," ते पुटपुटले आणि पान उलटायला त्यांनी हात पुढे केला.

"हात लावू नका!" ती किंचाळली.

मामंजींनी औषधाने ओले झालेले आपले हात पाहिले आणि मुकाट्याने पाठीमागे घेतले.

"तू धर ते पान," ते म्हणाले. "आणि रविवारचं राहू दे आता."