पदराला लागलेला पितळी बिल्ला

मी एक जुना पितळी बिल्ला आहे. बत्ताशाएवढा, कडेला थोडा चेपलेला. माझ्या पोटावर किल्ल्याचा बुरूज आणि त्याखाली एक फुटबॉल कोरलेला होता. बुरूज झिजून गेला आणि फुटबॉल पाहून पाहुण्यांची मुले मला मोसंबे समजतात. समजू द्या. मित्रांनो, एके काळी मला पाहून फाटक उघडत असे!

माझा जन्म धुळ्याचा. तिथल्या एका तांबटाने मोडीत आलेला फुटका तांब्या, बिनकिल्लीचे कुलूप आणि देवळातली चिरकलेली घंटा एकत्र वितळवली आणि त्या पितळेतून मला घडवले. म्हणून माझ्या अंगी तिघांचेही गुण आहेत. थोडी तांब्याची माया, थोडा कुलपाचा ताठा आणि घंटेसारखे वाजत राहण्याची खोड. ही तिसरी खोड आता तुम्हाला सोसावी लागणार आहे.

एकोणीसशे ऐंशीनंतरची ती वर्षे. पारोळ्यात तेव्हा फुटबॉलचे वेड शिरले होते. किल्ला फुटबॉल मंडळ गावाबाहेरच्या मैदानावर सामने भरवी. मैदानाला तट्ट्यांचे कुंपण, एक लाकडी फाटक आणि एका अंगाला बांबूची गॅलरी. माणसे उदंड आणि गॅलरी टीचभर! तेव्हा मंडळाने एक युक्ती काढली. वर्षाची वर्गणी भरील तो सभासद, आणि सभासदाला बिल्ला. बिल्लेवाल्याला तिकिटाविना, सगळ्यांच्या आधी आत सोडायचे आणि मोठ्या सामन्याच्या जादा तिकिटांवर त्याचा पहिला हक्क. भोंग्यावरून तसे पुकारलेही गेले, "सभासदाला पहिला मान!"

हा 'मान' शब्द पुनाआबांच्या कानी पडला आणि ते धावत वर्गणी भरून आले. पुनाआबा म्हणजे जवळच्याच खेड्यातले कापूस पिकवणारे शेतकरी. तरुणपणी काही वर्षे भुसावळला रेल्वेत खलाशी होते, तिथे त्यांना या खेळाचा नाद लागला. त्यांचा मुलगा अभिमन मंडळाच्या संघात गोलरक्षक होता. आणि मान म्हणजे काय, हे आबांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पोळ्याला गावच्या वेशीत तोरण बांधतात, त्याखालून आधी मानाचा बैल जातो. तो मान पिढ्यान् पिढ्या एका घराचा असतो. बाप थकला तर मुलगा बैल धरतो, मुलगा परगावी असला तर सून धरते. मान काही एका माणसाच्या नावाने नसतो. माझाही मान तसाच, असे आबांनी धरून ठेवले.

माझ्या पाठीवर एक लांबलचक शब्द होता. अहस्तांतरणीय! मंडळाच्या चिटणिसांनी तो कोरवून घेतला होता आणि गावात तो धड कोणाला उच्चारताही येत नसे. आबांनी शब्द दोनदा वाचला, त्यात 'हस्त' सापडला, आणि त्यांनी अर्थ लावून टाकला की बिल्ल्याला हात लावू नये. झाले! तेव्हापासून आबा मला उपरण्याच्या टोकाने उचलत, टोकानेच पुसत. शर्टावर लावताना त्यांची जी कसरत चाले, ती पाहून भिकुबाई, म्हणजे आबांची कारभारीण, पदर तोंडाला लावून हसायची.

"देवना टाक बी आसा कोनी धरत नही," ती म्हणायची.

"देवले वर्गणी कोठे लागस?" आबा म्हणायचे.

माझे दिवस मोठे झोकात गेले. फाटकाशी गर्दी दाटलेली असायची आणि फाटकावरचा रुपचंद मला पाहताच अडणा काढून म्हणायचा, "या आबा." लोक बाजूला सरायचे. सामना जवळ आला की आबांना नवे नवे मामेभाऊ फुटायचे. मी तर फुगून बत्ताशाचा बुंदीलाडू व्हायचा तेवढा बाकी राहिलो होतो. पोळ्याला आबा मला बैलाच्या बाशिंगात अडकवीत आणि मी तोरणाखालूनही मिरवून येई.

मात्र एका माणसाला माझे काही कौतुक नव्हते. भिकुबाईने मुलाचा एकही सामना पाहिला नव्हता. शेत, गुरे, चूल यांतून तिला सवड नव्हती आणि खरे सांगायचे तर हौसही नव्हती. "बठ्ठा पोरे पयतस, आन मना आंडोर नुसता हुभा ऱ्हास," ती म्हणे. पोरे पळतात आणि आपला मुलगा तेवढा उभा राहतो, यात बघायचे काय? अभिमन हे ऐकून हसायचा, पण एकदा मी त्याचा चेहरा जवळून पाहिला आहे. ते हसणे वरवरचे होते.

मग ती बातमी आली. कलकत्त्याचा एक नामांकित संघ पारोळ्याच्या पोरांशी मैत्रीचा सामना खेळायला येणार! कलकत्ता कुठे आणि पारोळा कुठे! धरणगावपासून धुळ्यापर्यंत दुसरा विषय नव्हता. त्याच सुमारास अभिमनला नागपूरकडे नोकरी लागली होती. सामना झाला की तो जाणार होता. घरच्या मैदानावरचा हा त्याचा शेवटचा खेळ. जेवताना तो मान खाली घालून एवढेच म्हणाला, "माय, एक डाव ये ना."

भिकुबाईचा घास हातातच राहिला. "येसू," तिने कबूल केले.

तिकीटविक्री सुरू होण्याआधी रुपचंद आबांना विचारून गेला. "आबा, सभासदाचा पहिला हक्क आहे. जादा तिकीट ठेवू का?" आबांनी छाती पुढे काढून मला दाखवले. "तिकीट कसाले? मान शे ना घरमा!" रुपचंदला वाटले, आबा एकटेच येणार. तो निघून गेला. मित्रांनो, एका शब्दाने केवढा घोटाळा केला पाहा.

सामन्याच्या दिवशी रस्ताभर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उभे होते. तिकिटे केव्हाच संपली होती. झाडांवर माणसे, तट्ट्यांच्या फटींना डोळे. भिकुबाई ठेवणीतले लुगडे नेसून आली होती. फाटकाशी रुपचंद म्हणाला, "या आबा. पण अक्कांचं तिकीट?"

"तिकीट कसानं? रुपचंद, पोयाले मानना बैल पुढे गया का मांगेनी जोडी कोनी आडावस का?"

"आबा, पोळ्याच्या वेशीला बांबूची गॅलरी नसते," रुपचंद काकुळतीने म्हणाला. "आधीच करकरतेय ती. एक बिल्ला, एक माणूस. तुम्ही आत जा, अक्का घरी जातील."

"बरं, मंग हाईच जाई मधमा. बिल्ला घरना शे." आबांनी भिकुबाईला पुढे केले.

"तेही चालत नाही हो! पाठीवर लिहिलंय ना, अहस्तांतरणीय. म्हणजे तुमचा बिल्ला दुसऱ्या कोणाला देता येत नाही."

आबांनी माझ्याकडे पाहिले. इतकी वर्षे ज्या शब्दाला जपले, त्याचा अर्थ हा होता! आतून शिट्टीचा आवाज आला. खेळाडू मैदानात उतरत होते. भिकुबाई म्हणाली, "मी जास घर. तुम्हीन देखा." असे म्हणून ती वळलीसुद्धा.

तेव्हा आबांनी मला हात लावला. उघड्या हाताने, पहिल्यांदा! राठ, कापूस वेचून चिरलेली बोटे होती ती. त्यांनी मला शर्टावरून काढले आणि भिकुबाईच्या पदराला खांद्याजवळ लावले.

"आबा! आत्ताच सांगितलं ना मी!" रुपचंद ओरडला.

"मी तिना हातमा कोठे दिधा?" आबा म्हणाले. "पदरले लाया. हात कोठे उना आठे?" हात मध्ये आलाच कुठे, असा त्यांचा सवाल!

रुपचंदला जे हसू फुटले, ते आवरेना. मागची गर्दीही हसू लागली. त्याने डोळे पुसले, अडणा काढला आणि ताठ उभा राहून म्हणाला, "एक बिल्ला, एक माणूस. या अक्का."

"माले काय समजी त्यामातलं?" भिकुबाई घाबरून म्हणाली.

"समजानं काय? आंडोरले देख. माले आठेन आयकू येस."

आणि फाटक आमच्यामागे बंद झाले. आबा बाहेर राहिले.

मित्रांनो, मी त्या मैदानात कितीदा आलो होतो! पण त्या दिवशी मी ते तिच्या पदरावरून पाहिले आणि मला ते पहिल्यांदाच दिसले. केवढे मैदान, केवढे आभाळ! हजारो माणसे, आणि सगळ्यांचे डोळे एका चेंडूवर. कलकत्त्याचे खेळाडू पळत नव्हते, वाऱ्यावर वाहत होते. चेंडू त्यांच्या पायांना पाळलेल्या वासरासारखा लागून यायचा. भिकुबाईचा श्वास माझ्याखाली थांबे आणि चाले. ती खेळ पाहत नव्हती. ती दूरवरच्या त्या दोन खांबांकडे पाहत होती, आडव्या दांडीखाली एकटा उभा असलेल्या आपल्या मुलाकडे.

गोल झाले. एक झाला, आणखी झाले. अभिमन मातीत पडायचा, उठायचा, पुन्हा उभा राहायचा. मग शेवटाकडे त्यांचा सगळ्यात उंच खेळाडू एकटाच चेंडू घेऊन निघाला. मध्ये कोणी उरले नव्हते. आणि सगळे मैदान गप्प झाले. एवढी माणसे, पण गॅलरीचा बांबूसुद्धा करकरला नाही. त्याने चेंडू मारला. अभिमन जमिनीपासून सुटला. तो आडवा हवेत होता, आणि मला वाटले तो आता खाली येणारच नाही. मग त्याची बोटे चेंडूला लागली आणि चेंडू दांडीवरून पलीकडे गेला.

तो जो गजर उठला, तो मी अजून विसरलो नाही. माझ्यातली जुनी घंटा आपोआप झणझणली. मंडळ हरले होते, पण तो उंच पाहुणा स्वतः अभिमनजवळ गेला आणि त्याने त्याचे दोन्ही हात हातात घेतले. भिकुबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते आणि ते टिपायला पदर उचलला की मी तिच्या गालाला लागत होतो.

बाहेर आबा फाटकाला पाठ टेकून बसले होते. "आडावा ना त्यानी?" त्यांनी विचारले. आधी ती शांतता आणि मग तो गजर ऐकून त्यांना सारे कळले होते.

परतताना बैलगाडीत भिकुबाई बोलत होती आणि आबा ऐकत होते. ज्यांना या खेळाचे सगळे ठाऊक होते ते ऐकत होते, आणि जिला काहीच ठाऊक नव्हते ती सांगत होती! "नुसता हुभा नही ऱ्हास तो," ती म्हणाली. "वेस राखस मना आंडोर!" थोडे थांबून ती पुन्हा म्हणाली, "तो तठे वेसले हुभा, तुम्हीन आठे वेसले हुभा. मान मातर मना पदरले." आबांनी कासरा उगाचच सैल सोडला.

पुढे काळ बदलला. घरोघर दूरदर्शन आले, पोरे क्रिकेटकडे वळली, मंडळ मोडले. फाटकाचे लाकूड कोणी जळणाला नेले. आबाही गेले. बैल जाऊन ट्रॅक्टर आला, तेव्हा माझे बाशिंगही सुटले आणि मी सुईदोऱ्याच्या डब्यात पडलो. तिथे गुंड्यांना मी फाटकाच्या गोष्टी सांगत असे. त्यांना त्या खोट्या वाटत. मी काळा पडलो आणि कोणी मला हाक मारीनासे झाले.

मित्रांनो, घरात माझ्यासारखे एखादे काळवंडलेले पितळ सापडले तर फेकू नका. त्याला चिंच लावा आणि ते कोणाकोणाच्या अंगावर होते ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आणि कधी कुठल्या दाराशी तुम्हाला सगळ्यांच्या आधी जायचा मान मिळाला, तर आत जाण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहा.

परवा अभिमन सुट्टीवर आला होता. त्याने गुंडी शोधताना मला बाहेर काढले आणि चिंच लावून घासले. पाठीवरची अक्षरे उजळली तसा तो हसला. "माय, हाई देख काय लिखेल शे. आपला बिल्ला कोनले देता येत नही म्हने."

भिकुबाईला आता नीट दिसत नाही. तिने हात पुढे केला, मला तळहातावर घेतले आणि अंगठ्याने ती अक्षरे चाचपली.

"खोटं शे ते," ती म्हणाली. "माले दिधा व्हता."