माझ्या पोटातला लावा

मी एक जुना लाऊडस्पीकर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझ्यावर चटकन विश्वास ठेवू नका. माझा जन्मच मुळी दुसऱ्यांचा आवाज मोठा करून सांगण्यासाठी झाला. आवाज कुणाचा आहे हे न बघता जे माझ्याकडे धावत आले, त्यांचं काय झालं ते मी पाहिलं आहे. तेव्हापासून माझा स्वभाव संशयी झाला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मला प्यायची सोय असती तर मी पाणीसुद्धा फुंकून प्यालो असतो.

माझा कारखाना कुठे होता हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. खोक्यावर एका देशाचं नाव होतं आणि आतल्या तारांवर दुसऱ्याच. शारजाच्या एका दुकानात मला काचेमागे ठेवलं होतं. येणारी-जाणारी मुलं माझ्यासमोर नाचत आणि दुकानदार माझं कौतुक करताना थकत नसे. एके दिवशी सुयशसाहेब आले. फुजैराच्या बाहेर डोंगराच्या पायथ्याशी एका अरब मालकाचं खजुराचं शेत होतं, तिथले ते मॅनेजर. त्यांनी माझा आवाज पुन्हा पुन्हा ऐकला आणि असला खणखणीत आवाज आपण आजवर ऐकला नव्हता, असं म्हणाले. एवढी स्तुती झाली तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

शेतावर नेण्याआधी त्यांनी मला एका गल्लीतल्या कारागिराकडे नेलं. त्याने माझ्या पोटात नखाएवढं मेमरी कार्ड सरकवलं. त्या कार्डावर गाणं नव्हतं, भाषण नव्हतं. एका पक्ष्याची हाक होती, पुन्हा पुन्हा तीच. तो पक्षी म्हणजे लावा.

लावा तुम्ही पाहिला असेल. मुठीत मावेल एवढा, मातकट, गुबगुबीत. थंडी सुरू झाली की उत्तरेकडून समुद्र आणि वाळवंट ओलांडत लाव्यांचे थवे इकडे येतात. दमलेले असतात, भुकेले असतात. खाली हिरवा चारा दिसला आणि त्यातून आपल्याच जातभाईची हाक आली, तर ते कशाला शंका घेतील?

शेतावर माझी गाठ गणूशी पडली. गणू साताऱ्याकडच्या माण तालुक्यातला. खजुराला पाणी द्यायचं, चारा कापायचा, शेळ्यांचं बघायचं, हे त्याचं काम. थंडीच्या दिवसांत त्यात आणखी एका कामाची भर पडे. उजाडायच्या आधी सुयशसाहेब गाडीत काच बोटभर उघडी ठेवून बसत आणि म्हणत, "गण्या, लाव ते." मग गणू मला चाऱ्यात ठेवी, वरून जाळं पसरी आणि माझं बटण दाबी. मी हाका मारायला लागे. लावे उतरत, जवळ येत, आणि जाळं पडे. पुरे झाले की गाडीतून आवाज येई, "गण्या, बंद कर ते. आवाज लांब जातो." माझ्या बटणात वाळू गेली होती, त्यामुळे मी सहजी गप्प बसत नसे. गणू धावत येऊन माझ्या उजव्या कुशीवर एक चापट मारी, तेव्हा कुठे मी थांबत असे.

धरलेले लावे साहेबांच्या पाहुण्यांच्या ताटात जात. पाहुणे साहेबांची तारीफ करत आणि साहेब माझी. गणू मात्र ते मांस खात नसे. गावाकडे त्याची आई ठकुबाई बाजरी कापताना लाव्याचं घरटं दिसलं तर तेवढा तुकडा उभा ठेवायची, हे त्याने एकदा शेळ्यांना सांगितलं होतं. मी जवळच होतो म्हणून ऐकलं.

एक गोष्ट मला तेव्हा दिसत होती, पण कळत नव्हती. सुयशसाहेबांनी शेतावर मला कधी हात लावला नाही. जाळ्यालाही नाही. मी समजलो, साहेब आहे, आळशी आहे.

मग त्या बाजूला तपासणीच्या गाड्या फिरायला लागल्या. लावे धरायला बंदी होतीच, पण आता कुणीतरी खरोखर बघायला लागलं होतं. साहेबांनी गणूला सांगितलं की मला कुठेतरी फेकून दे. चांगली वस्तू फेकायला गणूचा हात धजेना. त्याने मला पोत्यात घातलं आणि फुजैरातल्या लियाकतभाईंच्या दुकानात आणून ठेवलं.

लियाकतभाई रत्नागिरीच्या किनाऱ्याकडचे. पंखे, टीव्ही, मिक्सर दुरुस्त करायचे आणि समारंभांना स्पीकर भाड्याने द्यायचे, हा त्यांचा धंदा. कानाने जरा कमी ऐकू येई, पण हात सोन्याचे. त्यांनी मला करडा रंग दिला, नवी जाळी बसवली, चाकं लावली. कार्ड मात्र वाळूने असं रुतून बसलं होतं की काही केल्या निघेना. शेवटी त्यांनी ते तसंच राहू दिलं. माईक चालत होता, गाणी मोबाईलची तार जोडून वाजत, कार्डाचं बटण दाबायची वेळच येत नसे; तेवढ्यावर माझा संसार पुन्हा सुरू झाला. साखरपुडे, क्रिकेटची बक्षिसं, हळदीकुंकू, सगळीकडे मी गेलो. लोक दिवसभर लियाकतभाईंना एकच शब्द ऐकवत, लावा. भाई, गाणं लावा. भाई, माईक लावा. आणि ते लावत.

इतकं करूनही माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता. हा माणूस गणूला दर शुक्रवारी चहा पाजतो, त्याचे पैसे घेत नाही, हे कशासाठी? कुठेतरी जाळं असणार, असं मला वाटे.

यंदाचा उन्हाळा सरता सरता दुकानाच्या दारावर एक सूचना लागली. रानपक्षी धरण्याबद्दलच्या नियमांत बदल करायचे आहेत, त्यासाठी लोकांची मतं ऐकणार, सभा आहे, कुणीही यावं, मोकळेपणाने बोलावं, चहा आणि खजुराची सोय केली आहे. अरबी, इंग्रजी, हिंदी, सगळ्या भाषांत लिहिलं होतं. मित्रांनो, माझ्या अंगावर काटा आला. या, इथे चारा आहे, पाणी आहे, भीती नाही. हे तर मीच म्हणायचो.

त्या शुक्रवारी गणू आला तो चेहरा पाडूनच. नव्या मसुद्यात एक कलम होतं, ज्याच्या ताब्यात जाळं किंवा हाकेचं यंत्र सापडेल, तोच दोषी. सूचना लागली त्याच दिवशी सुयशसाहेबांनी गोदामातली सगळी जाळी गणूच्या खोलीत नेऊन ठेवायला लावली होती. नवं यंत्रही मागवलं होतं, तेही तिथेच राहणार होतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो आळस नव्हता. हात न लावणं हाच त्या माणसाचा बंदोबस्त होता.

गणूवर ठपका आला तर नोकरी जाणार, नोकरीबरोबर व्हिसा जाणार, आणि नाव खराब होऊन माणूस परत गेला की या देशात पुन्हा पाऊल पडणं कठीण. गावाकडे ठकुबाई आणि धाकटी बहीण त्याच्या एकट्याच्या जिवावर होत्या. त्याने लियाकतभाईंना विचारलं की सभेत बोलावं का. बोलावं तर आपण जाळी टाकली हे आपल्याच तोंडून कबूल होतं. न बोलावं तर थंडीत फास गळ्यात पडतो. इकडे आड, तिकडे विहीर.

लियाकतभाई म्हणाले, "बोल तू. मी असेन तिथं, स्पीकर माझाच आहे. इन्शाल्ला काय होत नाय."

स्पीकर माझाच आहे, हे ऐकून माझा संशय पक्का झाला. पुन्हा मलाच घेऊन चालले होते, पुन्हा मीच कुणाला तरी बोलावणार होतो.

सभेचं दालन थंडगार होतं. पुढे पर्यावरण खात्यातल्या एक अधिकारी बाई, त्यांच्या शेजारी दुभाषी म्हणून नबिला नावाची मुलगी. रत्नागिरीकडच्या घरातली, पण जन्म इथलाच. अरबी आणि इंग्रजी अस्खलित, मराठी घरापुरती. जे कुणी बोलेल ते सगळं भाषांतर करायचं, एक शब्द गाळायचा नाही, असं तिला बजावलेलं होतं. सुयशसाहेब पहिल्या रांगेत बसले. शेतावरचे सगळे कामगार त्यांनीच गाडीत घालून आणले होते, आणि तिथे तोंड उघडायचं नाही हेही गाडीतच सांगितलं होतं.

साहेब पहिले बोलले, माझ्यातूनच बोलले. माझ्या नव्या रंगामुळे त्यांनी मला ओळखलं नाही. आमच्या शेतावर असलं यंत्र कधी आलं नाही, मी पाहिलेलंही नाही, कामगार मालकाच्या पाठीमागे काय करतात हे कुणी सांगावं, तेव्हा ज्याच्या हातात सापडेल त्यालाच धरा, हे कलम अगदी योग्य आहे, असं ते म्हणाले. आवाज इतका गोड होता की लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ते खाली बसून मोबाईल बघायला लागले.

कामगारांपैकी कुणाला बोलायचं आहे का, असं बाईंनी विचारलं. सगळे आपल्या चपलांकडे बघत होते. शेवटी गणू उठला. लियाकतभाईंनी त्याच्या हातात माईक दिला. त्याचा श्वास माझ्यातून सगळ्या दालनात ऐकू जात होता. तो म्हणाला की आमच्याकडं पक्षी धरत्यात. 

नबिलाने विचारलं, "कोणता बर्ड?"

"लावा," गणू म्हणाला.

नबिलाने हा शब्द कधी ऐकला नव्हता. ती गोंधळून मोठ्याने म्हणाली, "लावा?"

लियाकतभाई माझ्याजवळ उभे होते. आधीच कानाला कमी, त्यात उभ्या आयुष्यात या शब्दाचा त्यांना एकच अर्थ माहीत. दोघंही लावा म्हणतायत म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि, मोबाईलची तार जोडलेली नव्हती म्हणून, माझं कार्डाचं बटणच दाबलं.

माझ्या पोटातला लावा ओरडायला लागला.

सगळं दालन चमकलं. कुणी आपला मोबाईल तपासला, कुणी छताकडे पाहिलं, मागे कुणीतरी हसलं. लियाकतभाई घाबरून बटण दाबत होते, पण मी थांबेन तर शपथ. एकच माणूस चमकला नाही. पहिल्या रांगेतून, मोबाईलवरची नजरही न हलवता, सुयशसाहेब सवयीने म्हणाले,

"गण्या, बंद कर ते. आवाज लांब जातो."

आणि गणूचे पाय आपसूक चालायला लागले. सवयच ती. माईक हातात तसाच धरून तो माझ्यापाशी आला आणि त्याने माझ्या उजव्या कुशीवर एक चापट मारली. मी गप्प झालो. 

त्या शांततेत नबिलाने आपलं काम केलं. साहेबांचं ते वाक्य तिने आधी अरबीत सांगितलं आणि मग इंग्रजीत. एक शब्द गाळला नाही.

साहेबांनी मान वर केली, पण तोवर सगळे त्यांच्याकडेच बघत होते. बाईंनी गणूला शांतपणे विचारलं की हे काय झालं. गणूचा हात अजून माझ्यावर होता. 

"असंच असतंय बघा," तो म्हणाला. "ते बसून सांगत्यात, मी उठून करतो. तुमच्या नव्या नियमात उठणारा घावतोय. बसणाऱ्याचं नावच न्हाई."

नबिलाने घावतोय म्हणजे काय ते विचारून घेतलं आणि हेही सगळं सांगितलं. बाईंनी ते कलम पुन्हा वाचायला लावलं, आणि ते वाचलं जात असताना त्यांनी लिहायला घेतलं.

त्यानंतर चार-पाच दिवसांत शेताचे अरब मालक खलिफा सिटीतल्या आपल्या घरून स्वतः आले. त्यांनी गणूच्या खोलीतली जाळी पाहिली, खलास, एवढंच म्हणाले, आणि जाळी खात्याच्या गाडीतून गेली. सुयशसाहेब सुट्टीवर गेले ते परत आले नाहीत. कुणी म्हणतं काढलं, कुणी म्हणतं आपणहून निघाले. मी दोन्हींवर विश्वास ठेवत नाही. गणू आहे तिथेच आहे. सुधारलेला मसुदा लियाकतभाईंच्या दारावर लागला, त्यात धरणाऱ्याच्या आधी करायला लावणाऱ्याचं नाव आहे. कागदावर तर आलं. ते शेतात उतरतं का, हे मी बघणार आहे.

लियाकतभाईंबद्दल मात्र माझी चूक झाली. त्यांच्या चहात फक्त साखर होती. सभेनंतर त्यांनी बैठक मारून, बारीक चिमट्याने ते कार्ड माझ्या पोटातून ओढून काढलं आणि गणूच्या हातावर ठेवलं. गणूने पकडीने त्याचे तुकडे केले.

मित्रांनो, वस्तू नीट वापरा, वाळूपासून आणि ओलीपासून जपा, हे तर मी सांगेनच. पण आवाजालाही जपावं लागतं. कुणी गोड हाक मारली तर धावत सुटू नका. हाक मारायला कुणी लावलं आहे, आणि तो स्वतः कुठे बसला आहे, तेवढं आधी बघा. आणि तुम्हाला कधी कुणी खरोखर बोला म्हटलं, तर भीती वाटली तरी बोला. गणूसारखं.

परवा एका समारंभाला जाताना लियाकतभाईंनी गाडी शेताच्या फाटकाशी थांबवली. थंडी पडायला लागली होती. गणू चारा कापत होता. तेवढ्यात त्या चाऱ्यातून तीच हाक आली, माझी हाक. लियाकतभाई दचकले. वळून त्यांनी आधी माझ्याकडेच पाहिलं.

"कोणी लावलं रे?"

गणूने विळा खाली ठेवला. जिथून आवाज येत होता तो तुकडा त्याने कापायचा सोडून दिला होता.

"कुणी न्हाई लावलं, भाई," तो म्हणाला. "लावाच हाय."

माझा विश्वास बसेना. मी माझ्या पोटात चाचपून पाहिलं. तिथे काही नव्हतं.