महिन्याचे वाचक शालिकराम

बाळापूरच्या आमच्या वाचनालयात पेपर फुकट वाचायला मिळतो, म्हणून माणसं येतात. मीही त्यातलाच, तेव्हा कुणाला नावं ठेवत नाही. पुस्तकांच्या कपाटांकडे मात्र आमच्यापैकी कुणी ढुंकून पाहत नव्हतं. नव्या ग्रंथपाल संध्याताईंनी मग सभासदांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. त्या नव्या पुस्तकांचे फोटो टाकत आणि आमची मंडळी त्याखाली गुलाबाची फुलं आणि सुप्रभात. मला त्या फुलांचा मनस्वी राग यायचा.

बाई हटल्या नाहीत. त्यांनी 'महिन्याचे वाचक' सुरू केलं आणि पहिला मान दिला शालिकरामला. हा वांगी-मिरच्या पिकवणारा माणूस. बाजाराच्या दिवशी भाजी विकली की वाचनालयात येऊन पुस्तकं बदलून न्यायचा. हातात कादंबरी धरलेला त्याचा फोटो ग्रुपवर झळकला.

झालं. बाजारात जो तो त्याला कादंबरीची गोष्ट विचारू लागला. मीही विचारली. लोक हसले, तो मिरच्या तोलत राहिला, कारण त्यानं एकही पुस्तक उघडलेलं नव्हतं. वाचत होती त्याची बायको, शकुन. आमच्याकडे कार्ड घरच्या पुरुषाचं आणि वाचणारं भलतंच कुणी, हे अकोल्याहून आलेल्या संध्याताईंना कोण सांगणार?

पुढच्या बाजारी त्यानं पुस्तकं परत दिली, नवी नेली नाहीत. संध्याताईंनी खोदून विचारलं तेव्हा खरं कळलं. ग्रुपवर शकुनचं नाव टाकते, असं त्या म्हणाल्या, तर त्यानं साफ नकार दिला. लोक आधीच हसतात, त्यात बायकोचं नाव मोबाईलभर नको. म्हणजे लाज वाटली नवऱ्याला आणि पुस्तकं बंद झाली बायकोची! माझं डोकंच फिरलं.

ग्रुपची लिंक वाचनालयाच्या फेसबुक पानावर होती. तिथून शकुनची लेक प्रतीक्षा ग्रुपात आली आणि एका दुपारी तिच्या मोबाईलवरून आम्हाला शकुनचा आवाज ऐकू आला.

"मी शकुन, शालिकरामच्या घरची. पुस्तकं माह्यासाठी येत होते. त्यायले हासू नका, ओझं त्यायनंच वाह्यलं. मांगच्या कादंबरीतली बाई शेवटी नवऱ्याले माफ करते, ते मले नाई पटलं. कोनी वाचली असंन तं सांगा."

कुणी वाचलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंजण तीच कादंबरी मागायला एकाच वेळी हजर.

पुढच्या बाजारी शालिकराम शकुनला घेऊनच आला. तिच्या नावाचं कार्ड झालं. इतकी वर्षं नवरा आणेल ते तिनं वाचलं होतं. कपाटं ती पहिल्यांदाच पाहत होती. एक पुस्तक काढायची, दोन ओळी वाचायची, जागेवर ठेवायची, पुढचं काढायची. शालिकराम रिकामी टोपली मांडीवर घेऊन बाकावर बसला. संध्याताईंनी मोबाईल उचलला आणि ग्रुपसाठी एक फोटो घेऊ का, असं विचारलं.

"मंग घ्या," शकुन मान वर न करता म्हणाली. "आदी मले पाहू द्या."