विभूती चाळून घ्या

टण्ण.

भाताच्या पातेल्यावरची ताटली वाजली. डोळे मिटून गप बसण्याच्या खेळात बसलेली बालवाडीतली सगळी पोरं डोळे उघडून वर बघायला लागली. बालवाडी सांभाळणाऱ्या चांगुणाबाईंनी ताटलीवरचा सिमेंटचा खपला उचलला आणि त्यांनीही वर पाहिलं. खुटबावच्या समाजमंदिराच्या स्लॅबला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तडा गेला होता. आणि वरच्या खोलीत सोसायटीनं खताची पोती रचून ठेवली होती.

त्याच दुपारी बालवाडी लिंबाखाली गेली आणि स्लॅबखाली लाकडी टेकू लागले.

सरपंच साहेबराव आबांच्या पुतणीचं लग्न जवळ आलं होतं. पंगत बसायची होती याच समाजमंदिरात. त्या टेकूंच्या रानातून वाढप्यानं आमटीची बादली न्यायची कशी? आबा या घोरात असताना शिरूरकडून स्लॅबमहाराज आले. भगवी कफनी, कपाळभर राख आणि खांद्याला एक जड झोळी.

"दगडाला जीव हाय, वाळूला जीव हाय," महाराज पारावरून सांगू लागले. "सिमिट तेवढं मेलेलं. का? ते कारखान्यात जन्मतं, त्याला ना आई ना बाप. म्या त्याच्यात प्राण घालतो."

सिमेंटच्या पोरकेपणानं दोन म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले.

महाराजांनी सगळ्यांसमोर दोन फरश्या ओतल्या. वाळू तीच, सिमेंट तेच. एकीत मात्र झोळीतली विभूती पडली, ती महाराजांनी पुटपुटत स्वतः कालवली. दुसऱ्या कुणी थापीला हात लावायचा नव्हता. मग गावानं त्या फरश्यांना इतक्या निष्ठेनं पाणी मारलं, की तेवढं समाजमंदिर बांधताना मारलं असतं तर महाराजांची गरजच पडली नसती.

फरश्या पक्क्या झाल्या तेव्हा पाराभोवती मुंगीला जागा उरली नाही. एकेक फरशी दोन विटांवर आडवी ठेवली. खाणीवर दगड फोडणारा मच्छिंद्र घण घेऊन आला. पहिल्या फरशीचे एका घावात दोन तुकडे झाले. दुसरीवर घाव बसला, तडा गेला, फरशी मधे दबली, पण तुटून पडली नाही. मच्छिंद्रानं इरेला पेटून आणखी एक हाणला. तरी ती तशीच, वाकलेली, दोन्ही भाग एकमेकांना धरून.

"एवढा मार खाल्ला, पण संसार सोडला न्हाई," चांगुणाबाईंच्या शेजारणीनं, विठाबाईनं, हात जोडले.

"उद्या तड्यात विभूती भरतो," महाराज म्हणाले. "परवा टेकू काढा. वर बैल नाचवले तरी स्लॅब हालायचा न्हाई."

आबा लगेच वळले. "चांगुणाबाई, परवापासून पोरं आत घ्या. लिंबाखाली बसवून गावाची शोभा करू नका."

त्या पोरांत चांगुणाबाईंची सुजातापण होती. आत बसलं की ती नेमकी त्या तड्याखालीच बसायची, कारण तिथून खिडकीतली चिमणी दिसायची.

संध्याकाळी फरशीची पूजा झाली. हळदीकुंकू वाहिलेल्या त्या फरशीच्या तड्यात सुजातानं बोट घातलं आणि रडत आईकडे आली.

"आये, फरशी चावली."

बोटावर रक्ताचा थेंब होता. चांगुणाबाईंनी ते बोट पटकन स्वतःच्या तोंडात घातलं आणि तसंच वाकून तड्यात पाहिलं. आत बारीक केसासारखं काहीतरी चमकत होतं. एक टोक नखानं ओढलं. तारेचा बोटभर तुकडा हातात आला. असे कितीतरी तुकडे तड्याच्या दोन्ही कडांत रुतून बसले होते. जणू कुणी टाके घातले होते.

त्यांना हसू फुटलं. हे काम त्यांच्या ओळखीचं होतं. चुलीची माती मळताना त्यांची सासू, साळूबाई, तीत मूठमूठ भुसा घालायची. का, तर चूल तडकली तरी भुसा माती धरून ठेवतो. महाराजांनी भुसा बदलला होता, एवढंच.

सकाळी महाराज झोळी सोडून बसले, तेव्हा चांगुणाबाई पिठाची चाळण घेऊन हजर.

"महाराज, विभूतीत खडा असला तर उगा स्लॅबच्या पोटात जायचा. चाळून देते."

"ह्या विभूतीला बाईमाणसाचा हात लागत न्हाई."

"मग सकाळच्या भाकरी कशा गोड लागल्या?" विठाबाई म्हणाली. "मीच थापल्या होत्या की."

माणसं हसली. "चाळू द्या की महाराज," आबांनी समजूत घातली. "आमच्यात पीठबी चाळल्याबिगर कुणी घेत न्हाई."

चाळण हलली. राख खाली पडली. वर जे उरलं ते खुळखुळ वाजायला लागलं. तारेच्या तुकड्यांचा ढीग.

महाराज डगमगले नाहीत. "हे देवीचे केस. मंत्रानं लोखंडाचे झाले."

"बरं झालं," चांगुणाबाई म्हणाल्या. "आता एका फरशीत तुमची राख घाला, मंत्रासकट. दुसरीत नुसते केस घालू, मंत्राबिगर. दोन्ही पक्क्या होईस्तवर टेकू ऱ्हाऊ द्या." मग त्या आबांकडे वळल्या. "आबा, चुलीत भुसा घालतात तो माती मळताना. फुटक्या चुलीवर वरून उधळला तर ती सांधती व्हय? हा स्लॅब तर कवाच ओतून झालाय. न्हाई सांधला, तर खाली तुमची पुतणी आसंल, न्हाईतर माझी पोरगी."

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, स्लॅबकडे पाहिलं.

"पंगत मांडवात बसंल," ते म्हणाले.

चांगुणाबाईंनी तारांची फरशी ओतली. महाराजांनी राखेची ओतली, मंत्र म्हटला आणि स्नानाला म्हणून जे गेले ते दौंड स्टेशनवर गाडी धरताना दिसले. फरश्या मात्र थांबल्या. दोन्ही पक्क्या झाल्यावर मच्छिंद्रानं घण उचलला. मंत्राच्या फरशीचे दोन तुकडे. तारांची फरशी तडकली, वाकली आणि धरून राहिली.

"एवढ्या राखंनं माझी समदी भांडी घासून निघाली असती," विठाबाई हळहळली.

तालुक्याचा ओव्हरसियर आला, त्यानं सगळं ऐकलं आणि हसला. "तारा खऱ्या आहेत. काँक्रीट कालवताना त्या नीट मिसळल्या तर तडा फाकू देत नाहीत. पुण्यात साहेबलोक त्याचे प्रयोग करतात. तुमचे महाराज तिथंच पाट्या वाहायला होते, मी पाहिलेत." मग त्याचा आवाज बदलला. "पण तड्यावर शिंपडून काही होत नाही. आधी ती पोती खाली आणा. मग स्लॅबचा वरचा थर खरवडायचा, धुवायचा, आणि तारा घातलेल्या काँक्रीटचा नवा थर जुन्याला घट्ट धरेल असा ओतायचा. किती जाड, ते हिशोब करून मी सांगतो. तोवर टेकूला हात लावायचा नाही."

तसंच झालं. वेळ लागला आणि कुणी हळदीकुंकू वाहिलं नाही, पण टेकू निघाले तरी स्लॅब उभा राहिला.

बायाबापड्यांनो, सांगायचं ते इतकंच. घरात आलेलं पीठ आपण चाळतो, तांदूळ निवडतो, दूध बोटावर घेऊन बघतो. मग पोरांच्या डोक्यावर येणारी गोष्ट तेवढी न चाळता का घ्यायची? नमस्कार करायला कुणाची ना नाही. आधी चाळण आणा.

बालवाडी आत आली त्या दिवशी सुजाता आपल्या जुन्या जागी आईच्या मांडीवर डोकं टाकून पडली. बोट कधीच बरं झालं होतं. वर बघत तिनं विचारलं,

"आये, त्या बाबानं नुसत्या ताराच दाखवल्या असत्या, तर आली असती का गं एवढी माणसं?"