इक्राला कोण नेणार

अशरफचा व्हिसा ज्या कुवेती मालकाच्या नावावर होता, त्या कफीलाची फाईल सरकारनं बंद केली. अशरफ, सफिया आणि नऊ वर्षांची इक्रा, तिघांचाही अकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, महिन्याअखेर संपणार होता. नवा कफील मिळेपर्यंत चेकिंगमध्ये सापडलं की थेट आत. आपण दोघं एकदमच उचलले गेलो, तर इक्राला शाळेतून कोण नेणार? सफियाच्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं.

अशा अडकलेल्यांसाठी शुक्रवारी बैठक झाली, तिथं एका वकीलबाईंनी समजावलं होतं. वाचता येत नाही त्या कागदावर सही करायची नाही, पकडलंच तर दूतावासाला फोन लावून द्या म्हणायचं, आणि मुलांना विमानात बसवेपर्यंत कोण सांभाळणार त्याचं नाव आजच लिहून ठेवायचं.

अशरफनं लगेच लिहिलं: मुबीन. धाकटा भाऊ, शुवैखला गॅरेजात कामाला. कोकणी माणसाला नाव विचारा, तो आधी भाऊ सांगणार, मग चुलतभाऊ, मग मोहल्ल्यातला कुणी. त्यापुढे दुनिया संपली.

"मुबीनचा अकामा कुनाच्या नावावर हाय?" सफियानं विचारलं.

मुबीनला अशरफनं आणलं होतं, अशरफला मामानं, आणि सगळे त्याच एका कफीलाच्या व्हिसावर. दापोलीकडचं त्यांचं अर्धं गाव त्या एका फाईलीत होतं. एकमेकांचा हात धरून आलेली माणसं आता एकमेकांबरोबरच बुडणार होती.

"वरच्या शर्मिलाताईंना विचारते," ती म्हणाली.

"परक्याच्या दारात? लोक काय बोलतील?"

"लोक तवा आपल्यासंगतीच आत असतील."

शर्मिलाताई नाशिकच्या, नवरा रविकांत तेल कंपनीत इंजिनियर. सफिया त्यांचे ब्लाऊज शिवायची, ओळख तेवढीच. ती जिना चढून वर गेली. पोलिसांच्या भानगडीत कोण शहाणा पडतो? तिनं सगळं एका दमात सांगितलं आणि नाही म्हणालात तरी राग नाही, हेही सांगून टाकलं.

शर्मिलाताई आत गेल्या. आतून नवरा-बायकोचं हळू बोलणं ऐकू येत राहिलं. सफिया दोनदा उठली आणि दोनदा बसली. ताई बाहेर आल्या त्या वही-पेन घेऊन.

"शाळेत माझं नाव आणि नंबर कळवून ठेव," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे मासे-मटण होत नाही. वरणभात खाईल ना ती?"

"खाईल."

"औषध वगैरे?"

"नाय काय."

"आणि रात्री एकटी झोपते?"

इतका वेळ सफियाला फक्त होकार हवा होता. लेक दुसऱ्याच्या हवाली करायची म्हणजे काय, ते तिला आत्ता कळलं.

"एकटी नाय झोपत," ती कशीबशी म्हणाली. "कुशीत घ्यावं लागतं."

शर्मिलाताईंनी तेही लिहून घेतलं.